ब्रेकताई आणि उतरणारा भाव

ब्रेकताईंचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात नव्हता. सव्वीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून, पायाखालचा जादा ब्रेक दाबून दाबून त्या पायाला सवयच लागली होती. धोका दिसला रे दिसला की तो आपला खाली जायचा, मग खाली ब्रेक असो, बसची फळी असो नाहीतर जेवणाच्या टेबलाखालची फरशी असो. शेजारीण बोलता बोलता नको त्या विषयाकडे वळायला लागली, तरी ताईंचा पाय दाबला जाई. एकदा दातांच्या डॉक्टरांनी ते घुर्र करणारं यंत्र तोंडाजवळ आणलं, तेव्हा तो इतक्या जोरात दाबला गेला की खुर्चीची पाय टेकायची फळी निखळली. डॉक्टर त्यांच्याकडेच गाडी शिकलेले होते. ते म्हणाले, “असू दे ताई, माझाच वेग जास्त झाला असेल.”

पायाच्या आधी तोंडातून एक आवाज यायचा, “अं-अं-अं!” हा आवाज गावातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या कानात कायमचा बसला होता. पंधरा-पंधरा वर्षं गाडी चालवणारी माणसंसुद्धा सिग्नल पिवळा झाला की आपसूक पाय उचलायची, कारण आतून कुणीतरी “अं-अं-अं” म्हणायचं.

ताईंची शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, वाहतुकीच्या खुणांचा भिंतीवरचा तक्ता आणि दाराबाहेर एक पांढरी गाडी. या एका गाडीवर त्यांनी दोन हजारांच्या वर माणसं रस्त्यावर आणली होती. शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची. किती दिवसांत शिकवणार, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, “परीक्षेचा दिवस सरकार ठरवतं. तयार झालात की नाही, ते मी ठरवते.” आणि एकदा फी घेतली की माणूस तयार होईपर्यंत पुन्हा पैसा मागायचा नाही. निवृत्त झालेले गणिताचे सर सध्या त्रेचाळिसाव्या दिवसावर होते. सर हुशार, पण त्यांचा डावा गुडघा कामातून गेलेला. क्लच दाबायचा म्हटला की सर आधी चेहरा दाबायचे, मग गुडघा, आणि तोवर गाडी आचका देऊन बंद पडायची.

“सर, कालच्यापेक्षा बरं आहे,” ताई म्हणायच्या.

“काल सात वेळा बंद पडली, आज सहा वेळा,” सर म्हणायचे. “या वेगाने सुधारलो तर पुढच्या आठवड्यात शून्य यायला हवं. येणार नाही, ते मला माहीत आहे.”

असं सगळं बरं चाललेलं असताना महिन्याच्या दोन तारखेला परवाना कार्यालयाचं पत्र आलं. गाडीचं वय झालं आहे, शिकवणीसाठी ती यापुढे चालणार नाही. महिनाअखेरपर्यंत स्वतःच्या नावावरची, दुहेरी ब्रेक बसवलेली दुसरी गाडी तपासणीला आणावी, अन्यथा शाळेचा परवाना आपोआप रद्द समजावा. ‘आपोआप’ या शब्दाखाली साहेबांनी रेघ मारली होती.

ताईंनी पत्र दोनदा वाचलं आणि थेट गॅरेज गाठलं. गॅरेजचे उस्ताद ताईंची गाडी पहिल्या दिवसापासून बघत आलेले. इंजिनांच्या दणदणाटात आयुष्य गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, पण गाडीच्या पोटातलं बरोबर कळायचं.

“ताई, आता घ्याल ती इलेक्ट्रिक घ्या,” उस्ताद ओरडून म्हणाले. हळू बोलणं त्यांना माहीतच नव्हतं. “तुमची माणसं वर्षाला दीड क्लचप्लेट खातात. हिला क्लचच नाही. खाणार काय?”

सरांना कळलं तेव्हा सर हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाले, “क्लच नाही? म्हणजे डाव्या पायाला कामच नाही? ताई, तशी गाडी तुम्ही आणलीत तर मी शिकेन. नाहीतर मला आता मोकळं करा. बायकोला दर महिन्याला तपासणीला न्यायचं असतं, त्यासाठी सगळा खटाटोप. पण हा गुडघा काही ऐकत नाही.”

म्हणजे ताईंच्या बाजूने सगळं ठरल्यात जमा होतं. राहता राहिले यजमान.

यजमान टीव्ही-फ्रिजच्या दुकानात विक्रेते होते. बावीस वर्षं एकाच काउंटरवर. जीभ अशी, की दुकानात पाणी मागायला आलेला माणूस पंखा घेऊन जाई. “आजच घ्या, उद्याचा भरवसा नाही” हे वाक्य ते दिवसातून चाळीस वेळा म्हणायचे. पण दुकानाचं शटर खाली आलं की त्यांच्यात दुसराच माणूस शिरायचा. त्या माणसाचं एकच वाक्य होतं, “थांब जरा, भाव उतरेल.”

याला कारण होतं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, दुकानात नवीन लागलेले असताना, यजमानांनी मोठ्या हौसेने भलाथोरला टीव्ही घेतला होता. चार माणसांनी उचलून आणला, दार एका बाजूने काढावं लागलं. अकराव्या दिवशी त्याच टीव्हीचा भाव निम्म्यावर आला. थोरल्या भावाने तो त्या निम्म्या भावात घेतला आणि वर मिठाईचा डबा पाठवला. डब्यात चिठ्ठी, “तुझ्यामुळे शहाणा झालो.” ती चिठ्ठी यजमानांच्या काळजात कायमची रुतली. त्या दिवसापासून घरात नवीन वस्तू म्हणून आली नाही. फ्रिजचं दार स्टूल लावून बंद करायचं, मिक्सरचं झाकण हाताने दाबून धरायचं, आणि तो चार माणसांचा टीव्ही अजून तिथेच होता. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत.

“आपल्या घरात नवीन अशी मीच एक आहे,” लेक कॉलेजातून घरी आलेल्या मैत्रिणींना सांगायची. “आणि मीही एकोणीस वर्षांची झाले.”

ताईंनी इलेक्ट्रिक गाडीचं नाव काढताच यजमान उठले आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला आलेखाचा कागद चिकटवलेला होता. चार वर्षं ते गुपचूप या गाड्यांचे भाव टिपून ठेवत होते.

“ही रेघ बघ. दर वर्षी खाली. बॅटऱ्या स्वस्त होताहेत. आणखी एक वर्ष थांबलीस तर हीच गाडी कितीतरी कमीत मिळेल, शिवाय एका चार्जिंगमध्ये जास्त पळेल.”

“अहो, मला तीस तारखेला हवी आहे.”

“तीस तारखेला घेणारा पुढच्या तीस तारखेला रडतो. मी रोज बघतो.”

“बाबा, ही रेघ कुठे टेकली की घ्यायची?” लेकीने विचारलं.

“अगदी खाली आली की.”

“अगदी खाली म्हणजे शून्य. म्हणजे फुकट मिळेल तेव्हा.”

यजमानांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

खरं सांगायचं तर प्रश्न पैशांचा नव्हता. पैसे बँकेत होते. बावीस वर्षं काहीच न घेतल्यावर ते जातील कुठे? प्रश्न होता तो पैसे द्यायच्या दिवसाचा. तो दिवस यजमानांच्या मते आज कधीच नसायचा.

दहा तारखेला ताई एकट्याच शोरूममध्ये गेल्या. टाय लावलेल्या तरतरीत तरुणाने गाडीची चावी पुढे केली, “मॅडम, चालवून बघा.” ताई गाडीला वळसा घालून गेल्या आणि सवयीप्रमाणे शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. पट्टा लावला, आरसा आपल्याकडे वळवून घेतला.

“मॅडम, चालवायला...”

“तुम्ही चालवा. मला इथूनच कळतं.”

टायवाला बिचारा स्टेअरिंगवर बसला. पहिल्या वळणाच्या आतच त्याला घाम फुटला. “आरसा बघितलात? नाही बघितलात. इंडिकेटर कुणासाठी ठेवलाय? हात दोन्ही वर. दोन्ही!” समोरून सायकल आडवी आली. ताईंच्या तोंडून “अं-अं-अं!” निघालं, पाय खाली दाबला गेला, आणि गाडी अलगद हळू झाली.

ताई चमकल्या. पायाखाली तर नुसती चटई.

पुढच्या चौकात पुन्हा तसंच. म्हातारे गृहस्थ रस्ता ओलांडायला पुढे झाले, अं-अं-अं, पाय खाली, गाडी हळू. तिसऱ्यांदा तर टायवाल्याने ब्रेकला पायही लावला नव्हता, हे ताईंनी वाकून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तरी गाडी हळू झाली! ताईंच्या अंगावर काटा आला. सव्वीस वर्षं जगभरच्या फरश्या, फळ्या आणि चटया दाबल्या, एकीनेही ऐकलं नव्हतं. ही पहिली वस्तू होती जिला त्यांच्या पायाचं म्हणणं कळलं.

“शेजारच्या माणसाचंही ऐकते का हो ही?” त्यांनी हळूच विचारलं.

टायवाला घाम पुसत म्हणाला, “मॅडम, आमची गाडी सगळ्यांचं ऐकते.” त्याला कसंही करून खाली उतरायचं होतं.

घरी येऊन ताईंनी हे सांगितलं तेव्हा यजमानांनी कपाळावर हात मारला. “अगं, विकणारा काय वाटेल ते सांगतो. मी विकतो ना!”

“त्याने नाही सांगितलं. मी अनुभवलं.”

“आई, चटईखाली काय असणार?” लेक म्हणाली.

“ते मला ठाऊक नाही. परमेश्वराची एकेक करणी असते.”

आता परमेश्वर मध्ये आल्यावर बोलणार कोण? तेव्हा असं ठरलं, की उस्तादांना घेऊन जायचं आणि गाडी नीट पारखायची. चौदा तारखेला तिघं शोरूममध्ये गेले. उस्ताद स्टेअरिंगवर, ताई शेजारी, यजमान मागे हाताची घडी घालून. उस्तादांनी सगळं लक्ष गाडीच्या पोटातल्या बारीक गुणगुणीकडे लावलं होतं. एक फेरी मारून गाडी परत आली. शोरूमच्या फाटकापाशी फुलांची मोठी कुंडी होती. उस्ताद वळण घेताना मान तिरकी करून कानोसा घेत होते. कुंडी जवळ आली.

“अं-अं-अं!” ताई म्हणाल्या. उस्तादांना ऐकूच गेलं नाही.

ताईंनी पाय दाबला. पूर्ण भरवशाने, अगदी निश्चिंत मनाने दाबला. गाडी संथपणे पुढे गेली आणि कुंडीचे तीन तुकडे झाले.

बंपरला चार बोटं ओरखडा गेला. टायवाला धावत आला आणि शेजारच्या सीटवर ताईंना बघून तिथेच थबकला. उस्तादांनी खाली उतरून आधी गाडी बघितली, मग चटई उचलून बघितली, मग ताईंना सगळं विचारून घेतलं. आणि हसायला लागले.

“ताई, त्या दिवशी गाडी तुमच्या पायाने नव्हती थांबत, तोंडाने थांबत होती! तुम्ही अं-अं केलंत की हा पोरगा घाबरून पाय उचलायचा. आणि या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती ब्रेक न दाबताच हळू होते. तिची घडणच तशी आहे!” हे ते इतक्या मोठ्याने म्हणाले की काचेपलीकडच्या हिशेबनिसांनीही वर बघितलं. “खरा ब्रेक मी बसवून देतो ना तुमच्या बाजूला. दांडी जोडायची, दोन दिवसांचं काम.”

पण ताईंचं मन विटलं होतं. गाडी फसवते याचं त्यांना काही वाटलं नाही. ज्या पायाच्या भरवशावर दोन हजार माणसं सुखरूप घरी पोचवली, त्या पायाने चारचौघांत त्यांना तोंडघशी पाडलं होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. थांबू या.”

यजमानांना आनंद व्हायला हवा होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं वाद न होता मान्य झालं होतं. पण त्यांनी उगाचच फ्रिजचं दार दोनदा उघडून बंद केलं आणि स्टूल लावायला विसरले.

सोळा तारखेला चौकातल्या मोठ्या शाळेचे मालक ताईंकडे आले. आठ गाड्या, एसीची खोली, दारात हसरा बोर्ड. हे मालक कधीकाळी ताईंचेच विद्यार्थी. त्यांनी दाराबाहेर गाडी लावली ती तिरकी, आणि वळताना इंडिकेटर दिला नाही. ताईंनी खिडकीतून दोन्ही पाहिलं.

“ताई, कानावर आलं. वाईट वाटलं. आमच्याकडे या. पगार महिन्याच्या महिन्याला, गाडीची कटकट नाही.” त्यांनी टेबलावर एक अर्ज ठेवला आणि त्यावर घडी केलेला नारिंगी टी-शर्ट. पाठीवर लिहिलेलं, ‘दहा दिवसांत बिनधास्त!’

“दहा दिवसांत कुणी तयार नाही झालं तर?”

“अकराव्या दिवशी दुसरा माणूस येतो ना ताई. सीट रिकामी ठेवून कसं चालेल?”

“आणि जुना?”

“त्याने पुन्हा फी भरायची. नाहीतर परीक्षा द्यायची, देवाच्या नावाने.”

देवाला या कामात ओढलेलं ताईंना आवडलं नाही. मालक गेल्यावर त्यांनी टी-शर्ट अंगाला लावून पाहिला. एका मापाने लहान होता. सर दारात उभे होते. त्यांनी पाठीवरची अक्षरं वाचली, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “मी तुमच्याकडे येतच होतो. उद्यापासून येत नाही, हे सांगायला. म्हटलं, तुमच्या नव्या नोकरीत माझी अडचण नको.”

ताईंनी टी-शर्टची घडी केली. ती नीट बसेना. पुन्हा केली.

अठरा तारखेला अर्ज भरून झाला. त्यावर घरच्या माणसाची सही लागत होती, अडीअडचणीला कुणाला कळवायचं, त्या रकान्यापुढे. ताई अर्ज आणि टी-शर्ट पिशवीत घालून यजमानांच्या दुकानात गेल्या. यजमान गिऱ्हाइकात होते, म्हणून त्या फ्रिजच्या रांगेआड उभ्या राहिल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर जोडपं. काका धुलाई मशिनच्या किमतीची चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचत होते, काकूंच्या मनगटाला पट्टा बांधलेला होता.

“तीन महिने थांबलो तर उतरेल ना भाव?” काकांनी विचारलं.

“उतरेल,” यजमान म्हणाले. दुकानाचे मालक गल्ल्यावरून दचकून बघायला लागले. “खोटं कशाला बोलू? नक्की उतरेल. पण काका, मला एक सांगा. ते तीन महिने कपडे कोण धुणार?”

काकांनी काकूंच्या मनगटाकडे पाहिलं.

“काकूच ना? म्हणजे थांबणार तुम्ही आणि पिळणार काकू. वाचवलं तुम्ही म्हणायचं आणि मनगट त्यांचं जायचं. हा कुठला हिशेब झाला?”

काकू इतक्या खुलून हसल्या की काकांनी चिठ्ठी खाली ठेवली आणि विचारलं, “घरपोच कधी द्याल?”

जोडपं पावती करायला गेलं. ताई फ्रिजच्या मागून पुढे आल्या आणि काउंटरसमोर उभ्या राहिल्या.

“अगं, तू? काय झालं?”

“मी गिऱ्हाईक आहे. मलाही विका.”

“काय विकू?”

“इलेक्ट्रिक गाडी.”

“इथे गाड्या नाही मिळत.” यजमानांनी घाबरून मालकांकडे पाहिलं.

“मिळत नसू दे. विकून दाखवा. मीही विचारते, एक वर्ष थांबले तर भाव उतरेल ना?”

“उतरेल,” यजमान सवयीने म्हणाले. “खोटं कशाला बोलू? नक्की उतरेल. पण मला एक सांगा, ते एक वर्ष...” आणि त्यांची जीभ जागच्या जागी थांबली.

ताईंनी पिशवीतून टी-शर्ट काढून काउंटरवर पसरला, अक्षरं वर येतील असा. त्यावर अर्ज ठेवला.

“ते एक वर्ष काय? बोला ना.”

यजमानांनी अक्षरं वाचली. अर्ज वाचला. सहीची जागा बघितली. पावती करायला गेलेले काका-काकू वळून बघत होते. काकू म्हणाल्या, “आमच्या वेळेला किती छान बोलत होतात हो तुम्ही!”

“अहो, बोला की,” गल्ल्यावरून मालक म्हणाले. “गिऱ्हाईक ताटकळलंय.”

यजमानांनी घसा साफ केला. आवाज दुकानातलाच होता, पण एरवीसारखा धावत नव्हता. “थांबणार मी,” ते म्हणाले, “आणि हा शर्ट घालणार तुम्ही. वाचवलं मी म्हणायचं, आणि शाळा तुमची जायची.” मग एकदम पुढे झुकून ते खऱ्या विक्रेत्याच्या झपाट्याने म्हणाले, “बाई, ज्या दिवशी वस्तू लागते त्या दिवशी असेल तोच तिचा भाव. पुढच्या वर्षीचा भाव पुढच्या वर्षीच्या माणसाचा. आजच घ्या.”

“आणि अकराव्या दिवशी उतरला तर?” ताईंनी विचारलं. हा प्रश्न बावीस वर्षांत त्यांनी कधी तोंडावर विचारला नव्हता.

यजमानांनी टी-शर्टची बाही सारखी केली. “दादाकडून मिठाई येईल,” ते म्हणाले. “खाऊ.”

काका-काकूंना काही कळलं नाही, पण काकूंनी टाळ्या वाजवल्या, पट्टा सांभाळून. मालकांनी यजमानांना अर्धा दिवस सुट्टी दिली आणि वर म्हणाले, “जे आमच्या दुकानात नाही तेही विकता, धन्य आहे.”

सगळं गावच भाव उतरायची वाट बघत थांबलेलं असल्यामुळे शोरूममध्ये गाडी लगेच मिळाली. यजमानांनी कुंडी फोडणारीच गाडी मागितली, ओरखड्यापोटी काही सूट मिळते का बघायला. थोडी मिळाली. नवीन कुंडीही त्यांच्याकडूनच वसूल झाली, ती गोष्ट वेगळी. टायवाल्याने कागदपत्रं दिली आणि गाडी ताईंच्या घरी पोचवायचं काम मात्र दुसऱ्यावर ढकललं.

उस्तादांनी बोलल्याप्रमाणे दोन दिवसांत शेजारच्या बाजूला खरा ब्रेक बसवला. अठ्ठावीस तारखेला तपासणीचे साहेब आले, स्वतः चालवायला बसले आणि त्यांनी पहिल्याच वळणावर वेग जरा वाढवला. ताईंनी ब्रेकची चाचणी तिथल्या तिथे करून दाखवली. साहेबांचा पट्टा छातीत रुतला. त्यांनी लगेच शिक्का मारला.

एक तारखेपासून सर पुन्हा यायला लागले. डाव्या पायाला काम नसल्यामुळे पहिले तीन दिवस ते तो पाय एका जागी घट्ट रोवून बसायचे, चुकून कुठे जाऊ नये म्हणून. पाचव्या दिवशी त्यांनी सबंध गावाला फेरी मारली. गाडी एकदाही बंद पडली नाही. “बंद पडलेली कळत नाही आणि चालू असलेलीही कळत नाही,” सर म्हणाले, “पण आपण पुढे जातोय एवढं नक्की.”

आणि घेतल्यापासून एकोणिसाव्या दिवशी गाडीचा भाव उतरला.

थोडाथोडका नाही, चांगला घसघशीत उतरला. यजमानांनी सकाळी पेपर उघडला, पान बघितलं आणि ते पान आतल्या आत दुमडून पेपर गादीखाली सरकवला. ताईंना हे माहीत नव्हतं. पण सरांनी त्यांना आदल्याच दिवशी रेडिओवरची बातमी सांगितली होती, आणि यजमानांना धक्का बसू नये म्हणून ताईंनी सकाळी उठल्या उठल्या रेडिओचे सेल काढून डब्यात लपवले होते. दिवसभर दोघंही एकमेकांशी इतकं गोड बोलत होते की लेकीला संशय आला.

“काय झालंय? कुणी आजारी आहे का?”

“छे, कुठे काय!” दोघं एकदम म्हणाले.

लेक गादी झटकायला गेली, पेपर हाती लागला. मग रेडिओ लावायला गेली, तर सेल नाहीत. ती पेपर घेऊन बाहेर आली आणि दोघांच्या मधोमध ठेवला.

“एकच बातमी दोघंही एकमेकांपासून लपवताय. लाज नाही वाटत?”

यजमान ताईंकडे बघेनात. ताई यजमानांकडे बघेनात. शेवटी यजमानच म्हणाले, “या वेळी अकरा नाही. एकोणीस दिवस टिकला.”

“चला, सुधारणा आहे,” ताई म्हणाल्या.

एवढ्यात शाळेचा फोन वाजला. पलीकडे कुणी बाई होत्या. भाव उतरल्याचं वाचून त्यांनी आज सकाळीच गाडी घेऊन टाकली होती. आता चालवायची कशी? तसल्या गाडीवर शिकवणारं कुणी आहे का, असं शोरूममध्ये विचारलं, तर टाय लावलेल्या एका मुलाने हाच नंबर दिला आणि वर सांगितलं, सरळ चालवायची असेल तर त्यांच्याकडेच जा. ताईंनी नाव लिहून घेतलं, मंगळवार, सकाळी सात. फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. मग पुन्हा. सगळं गाव थांबलं होतं ना, ते आज एकदम निघालं होतं. दुपारपर्यंत वहीतल्या सातपासून सातपर्यंतच्या सगळ्या वेळा भरल्या. चौकातल्या शाळेत आठ गाड्या होत्या, पण आठही क्लचच्या.

संध्याकाळी आणखी एकाचा फोन आला तेव्हा ताई दमून म्हणाल्या, “नाही हो, आता जागा नाही. पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागेल.”

शेजारी बसलेल्या यजमानांनी फोन त्यांच्या हातातून काढूनच घेतला. “थांबू नका, साहेब!” ते दुकानातल्या आवाजात म्हणाले. “सकाळी साडेसहाची एकच वेळ उरली आहे. उद्याचा भरवसा नाही. लिहू नाव?” आणि त्यांनी लिहिलंसुद्धा.

“अहो, साडेसहाला मी देवाजवळ बसते,” फोन ठेवल्यावर ताई रागावून म्हणाल्या. “त्याचं काय?”

यजमान वहीत बघत म्हणाले, “त्याला सहाची वेळ दे. ती रिकामी आहे.”

ताईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तास आधी उठल्या आणि देवासमोर हात जोडून म्हणाल्या, “आजपासून सहा वाजता. चालेल ना?” पलीकडून काही तक्रार आली नाही. मग त्या साडेसहाच्या माणसाकडे गेल्या. तो आधीच गाडीत बसून होता, आणि अर्थातच त्याने आरसा बघितला नव्हता.